ठोकून सांगणारी यंत्रे

संगणकाला जोडायच्या छपाईयंत्रांचे दोन वर्ग पडतात: कागदाला ठोकणारी आणि न ठोकणारी. लेझर आणि इंकजेट ही दुसऱ्या वर्गातली सोज्वळ मंडळी. पहिल्या वर्गाला इम्पॅक्ट प्रिंटर म्हणतात. शाईत भिजलेली रिबन, तिच्या एका अंगाला कागद आणि दुसऱ्या अंगाला धातूचा ठसा किंवा पिन, एवढाच तिथला मामला. दणका बसला की शाई कागदावर उतरते. १९५० च्या दशकापासून पुढची तीसेक वर्षे संगणकाने जगाला जे काही कळवले, ते बहुतांशी असे ठोकून कळवले.

त्या काळी संगणकाचे काम डोळ्यांना दिसण्यासारखे नव्हते. तो काचेपलीकडच्या वातानुकूलित खोलीत असे, आत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत, आणि एवढे सोवळे पाळून आत गेल्यावर लोखंडी कपाटांखेरीज काही दिसत नसे. त्यामुळे ईडीपी म्हणजे संगणक विभागाची हजेरी साहेब लोक कानाने घेत. प्रिंटर खडखडतोय, म्हणजे काम चालू. प्रिंटर गप्प, म्हणजे मंडळी कँटीनमध्ये. वास्तविक आकडेमोडीचा मोठा भाग प्रिंटर गप्प असतानाच होई, पण ही गोष्ट वरच्या मजल्यावर पटवून देणे कोणालाच जमले नाही. जाणते ऑपरेटर त्या फंदात पडत नसत. पावले वाजली की ते मागच्या महिन्याचा एखादा अहवाल पुन्हा छापायला लावत.

मोठ्या यंत्रांमध्ये सर्वांत नाव कमावले ते आयबीएम १४०३ या लाइन प्रिंटरने. तो १९५९ मध्ये १४०१ या संगणकाच्या जोडीने बाजारात आला. त्यात ठशांची एक साखळी होती. ४८ चिन्हांचा संच पाच वेळा, असे २४० ठसे तिच्यावर बसवलेले असत आणि ती कागदासमोरून आडवी, अखंड धावत असे. कागदाच्या मागे १३२ हातोड्या, प्रत्येक रकान्याला एक. हवे ते अक्षर आपल्या रकान्यासमोरून जात असतानाच्या नेमक्या क्षणी हातोडीने कागदाला मागून टोला द्यायचा, कागद रिबनवर, रिबन ठशावर. स्टँडात शिरणाऱ्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्याचे कसब ते हेच. फक्त हातोड्यांना ते मिनिटाला ६०० ओळी या वेगाने दाखवायचे होते, आणि नंतर जागेवरून भांडायला सवड नव्हती.

साखळीऐवजी फिरते पिंप वापरणारे ड्रम प्रिंटरही होते. पिंपावर प्रत्येक रकान्यासाठी अक्षरांचा पूर्ण संच गोलाकार कोरलेला असे. त्यात हातोडी किंचित चुकली तर अक्षर वर किंवा खाली उमटे आणि सगळी ओळ लाटांवर तरंगल्यासारखी दिसे. साखळीच्या प्रिंटरमध्ये हीच चूक डावी-उजवीकडे होई. माणसाचा डोळा आडवी चूक खपवून घेतो, उभी घेत नाही. साखळीवाल्यांची कीर्ती बरीचशी या दुर्बलतेवर उभी होती. पिंपाची आणखी एक खोड अशी, की बहुतेक पिंपांवर एक अक्षर सगळ्या रकान्यांत एका रांगेत असल्याने पानभर आडवी रेघ मारायची झाली की सगळ्या हातोड्या एकाच क्षणी कोसळत. अहवालात बेरजेच्या वर रेघ असतेच. त्यामुळे हिशेबात कुठे बेरीज झाली, ते शेजारच्या खोलीतल्यांनाही कळे.

१४०३ च्या एन-१ नावाच्या सुधारित आवृत्तीला आवाज कोंडणारे मोठे झाकण होते, आणि कागद संपला की ते आपोआप वर उघडे. सोय उत्तम होती. पण जगात जिथे जिथे सपाट पृष्ठभाग आहे, तिथे तिथे कोणीतरी कप ठेवतोच. कागद संपण्याची वेळ आणि कप भरलेला असण्याची वेळ यांचे काय नाते होते कोण जाणे. पण जुन्या ऑपरेटरांच्या आठवणींत झाकणाच्या चमत्काराबरोबर कॉफीचा उल्लेख हमखास येतो.

कागद सरकवण्याची व्यवस्था तर त्याहून रंगतदार. कागद किती पुढे न्यायचा, हे यंत्राला एका छोट्या पट्टीच्या कड्यावरून कळे. तिच्यावर १२ रांगा असत आणि अर्जाच्या नमुन्यानुसार जागोजागी छिद्रे पाडलेली असत. 'अमुक रांगेतले पुढचे छिद्र येईपर्यंत सरक' असा हुकूम सुटला की कागद तिथपर्यंत पळे. आता प्रोग्रामरने ज्या रांगेचा हुकूम सोडला, त्या रांगेत छिद्रच नसेल तर? प्रिंटर आज्ञाधारक होता. तो छिद्र शोधत राही आणि कोरा कागद कारंज्यासारखा उडत खोलीभर पसरे. ऑपरेटर 'थांबव'चे बटण गाठेपर्यंत अर्धे खोके रिकामे झालेले असे. मग तो कागद पुन्हा घडीवर घडी बसवून खोक्यात भरायचा. हे काम नेहमी सर्वांत नव्या माणसाकडे येई, आणि चूक ज्याची असे त्याला त्याच वेळी बैठकीचे बोलावणे येई.

फोरट्रान या भाषेने यात भर घातली. छापायच्या ओळीतले पहिले अक्षर कागदावर उमटत नसे. तो प्रिंटरला गुपचूप दिलेला हुकूम असे. जागा मोकळी असेल तर पुढची ओळ, शून्य असेल तर एक ओळ सोडून, अधिकचे चिन्ह असेल तर आहे त्याच ओळीवर पुन्हा, आणि १ असेल तर नवे पान. नवशिक्या विद्यार्थ्याने डावीकडे जागा न सोडता १०० पासून १९९ पर्यंतचे आकडे छापायला सांगितले की प्रत्येक आकड्यातला १ प्रिंटर हुकूम म्हणून गिळे आणि प्रत्येक आकडा नव्या पानावर छापे. विद्यार्थ्याच्या हाती शंभर पानांचा गठ्ठा पडे. त्यावर ०० पासून ९९ पर्यंत आकडे, पानाला एक. गणित बरोबर, उत्तर चूक आणि कागदाचे बिल विभागाच्या नावावर.

मात्र याच हुकमांच्या जोरावर करमणूकही चाले. एकाच ओळीवर तीन-चार वेळा वेगवेगळी अक्षरे ठोकून गडद-फिक्या छटा साधता येत, आणि त्यातून मोनालिसा किंवा स्नूपी कुत्र्याचे कॅलेंडर तयार होई. काही महाभागांनी त्याहून पुढची मजल मारली. कोणत्या अक्षरांची ओळ छापली की हातोड्या कोणत्या सुरात वाजतात याचा अभ्यास करून त्यांनी १४०३ वर गाणी वाजवली. छापलेल्या कागदाला काडीचा अर्थ नसे. तो वाजवलेल्या गाण्याचा कचरा. एवढ्या महागड्या यंत्राचा असा उपयोग होऊ शकतो, हे विकणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकात नव्हते.

या यंत्रांचा कागदही खास. पंधरा इंचांना थोडा कमी रुंद, घडीवर घडी घातलेला, दोन्ही कडांना अर्ध्या अर्ध्या इंचावर भोके आणि पानावर फिकट हिरवे पट्टे. १३२ रकान्यांच्या ओळीत डावीकडचे नाव वाचून उजवीकडच्या रकमेपर्यंत पोचताना नजर दुसऱ्याच्या पगारावर घसरू नये, म्हणून ते पट्टे. अनेक प्रतींच्या कागदात मध्ये कार्बन असे, आणि तो वेगळा करायला डीकोलेटर नावाचे यंत्र लागे. त्यावर काम करणारा माणूस संध्याकाळी हातांवरून ओळखू येई. छापलेल्या कागदाची मागची बाजू कोरी राही, हा या उद्योगाचा समाजाला झालेला सर्वांत थेट लाभ. ईडीपीतल्या नोकरदारांच्या मुलांनी कंपनीच्या जुन्या साठा-नोंदींच्या पाठीवर त्रैराशिके सोडवली, आणि कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडून त्यांच्या साखळ्या करण्यात मे महिन्याच्या दुपारी घालवल्या. गोपनीयतेचा विचार तेव्हा फारसा कोणी करत नसे. शेंगदाण्याच्या पुडीवर कोणाचातरी भविष्यनिर्वाह निधी वाचायला मिळणे ही सामान्य गोष्ट होती.

छोट्या संगणकांना लाइन प्रिंटर परवडत नसे. त्यांनी तारखात्याकडे हात पसरला. १९६३ साली आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे मुळात संदेश पाठवण्याचे यंत्र. सेकंदाला १० अक्षरे, प्रत्येक अक्षराला खडाक. त्याच्या ठसे वाहणाऱ्या गाडीला ओळ संपल्यावर उजवीकडून डावीकडे परत यायला एका अक्षराहून जास्त वेळ लागे. म्हणून दोन वेगळे हुकूम दिले जात: आधी 'गाडी मागे घे', मग 'कागद एक ओळ वर सरकव'. दुसरा हुकूम पार पडेपर्यंत गाडीला घरी पोचायला अवधी मिळे. ती गाडी कधीच भंगारात गेली, पण विंडोजवरच्या साध्या मजकुराच्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी ही दोन्ही चिन्हे आजही लिहिली जातात. युनिक्सवाले एकावर भागवतात. या एका चिन्हाच्या फरकामुळे झालेल्या वादांत जेवढा वेळ गेला, तेवढ्यात गाडी पायी चालत परत आली असती.

१९७० च्या दशकात डेझी व्हील आले. प्लॅस्टिकच्या चाकाला ९६ पाकळ्या, पाकळीच्या टोकाला एकेक अक्षर. चाक फिरून हवी ती पाकळी वर आणते आणि एकच हातोडी तिला हाणते. अक्षर टंकलेखन यंत्रासारखे स्वच्छ येई, त्यामुळे वकील आणि कंपन्यांचे सचिव यांचे हे आवडते यंत्र. ठळक अक्षर हवे असेल तर ते तिथेच दोनदा ठोकले जाई. तिरपे अक्षर हवे असेल तर प्रिंटर थांबे आणि माणसाने उठून चाक बदलायचे. चित्र काढायचे झाले तर पूर्णविरामाची पाकळी हजारो वेळा आपटावी लागे. ते करून पाहणाऱ्यांचे शेजाऱ्यांशी संबंध पुढे कसे राहिले याची नोंद नाही.

खरा जनतेचा प्रिंटर म्हणजे डॉट मॅट्रिक्स. त्यात ठसेच नाहीत. हेडमध्ये उभ्या रांगेत बारीक पिना. हेड आडवे सरकते, पिना रिबनवर टोचतात आणि ठिपक्यांचे अक्षर बनते. अमेरिकेत सेंट्रॉनिक्सने १९७० मध्ये १०१ हे मॉडेल आणले. सेकंदाला १६५ अक्षरे. जपानमध्ये सेइको घड्याळांच्या उद्योगसमूहाने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी वेळ छापणारे यंत्र बनवले, त्या अनुभवातून १९६८ मध्ये ईपी-१०१ हा चिमुकला प्रिंटर काढला, आणि पुढच्या यंत्रांना 'ईपीचे पुत्र' या अर्थाने एप्सन हे नाव दिले. १९८० मध्ये या घराण्यात एमएक्स-८० जन्मला. ९ पिना, सेकंदाला ८० अक्षरे, आणि खराब झालेले हेड घरच्या घरी बदलता येण्याची सोय. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पहिला पीसी आणला, तेव्हा त्याच्यासोबत विकलेला प्रिंटरही एप्सननेच केलेला होता. पाटी तेवढी आयबीएमची.

सुरुवातीच्या काही प्रिंटरांत सातच पिना होत्या. त्यामुळे इंग्रजी जी, पी, वाय या अक्षरांच्या शेपट्या ओळीखाली लोंबू शकत नसत. ती अक्षरे पाय पोटाशी घेऊन ओळीवरच बसलेली दिसत. ठिपक्यांची अक्षरे वाचायला त्रास होतो म्हणून परदेशांत कित्येक प्रकाशक डॉट मॅट्रिक्सवर छापलेली हस्तलिखिते स्वीकारायला नकार देत. त्यावर तोड म्हणून एकाच ओळीवरून दोनदा फिरून ठिपक्यांमधल्या फटी बुजवण्याची पद्धत निघाली. अक्षर सुधारले, वेळ दुप्पट लागू लागला आणि आवाजही दुप्पट वेळ ऐकावा लागू लागला. वेळ वाचवायला हेड एक ओळ डावीकडून आणि पुढची उजवीकडून छापे. त्यात जरा ढिलाई आली की तक्त्यातल्या उभ्या रेघा सापासारख्या वळवळत. ताळेबंद जुळलेला असूनही डळमळीत दिसे.

भारतात एप्सनबरोबर टीव्हीएस आणि विप्रो ही नावे घरोघरी म्हणजे दुकानोदुकानी पोचली. प्रिंटरच्या अंगावर तीन बटणे: ऑनलाइन, फॉर्म फीड, लाइन फीड. लाइन फीड दाबून धरून वीज चालू केली की यंत्र स्वतःची चाचणी छापू लागे, अक्षरमाला एकेक घर सरकवत, बंद करेपर्यंत. दुरुस्तीला आलेला माणूस हा विधी हमखास करी, कागदाकडे डोळे बारीक करून पाही आणि म्हणे, "साहेब, हेड गेलंय." त्यावर दुकानदाराचा ठरलेला प्रश्न, "नुसती रिबन बदलून नाही का भागणार हो?" मग थोडा वेळ शांतता. हेडची किंमत दोघांनाही ठाऊक असे.

बहुधा गेलेली असे ती एखादीच पिन. तेवढ्याने प्रत्येक ओळीतून पांढरी रेघ आरपार जाई. मधली पिन तुटली तर इंग्रजी आठाची कंबर नाहीशी होऊन शून्य उरे, आणि ८८०० ची उधारी कागदावर चार शून्यांची होई. उधारी घेणारे अशा बिलांना कधी हरकत घेत नसत.

रिबन फिकट झाली म्हणून लगेच टाकून देण्याइतका मराठी व्यापारी उधळ्या नव्हता. कार्ट्रिज उघडून तिला शाई पाजली जाई. कार्ट्रिजचे झाकण निघाले की आत वेटोळी घालून बसलेली कित्येक मीटर नायलॉनची फीत उसळून टेबलावर येई आणि परत आत बसायचे नाव घेत नसे. त्यातून काही रिबनींची टोके एक पीळ देऊन जोडलेली असत, म्हणजे पहिल्या फेरीत वरची कड आणि दुसऱ्या फेरीत खालची कड वापरली जावी. गणितात याला मोबियसची पट्टी म्हणतात. हे ठाऊक नसलेले लोक 'पीळ पडलाय' म्हणून तो सोडवायला बसत आणि जेवायची वेळ होईपर्यंत सोडवत राहत. पीळ काही सुटत नसे, तो सुटणाऱ्यातला नव्हताच.

देवनागरीने मात्र या यंत्राचा कस पाहिला. इंग्रजी अक्षर एका फेरीत नऊ पिनांवर उरकते. देवनागरीला मध्ये अक्षर, वर शिरोरेखा, तिच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. हे सगळे नऊ पिनांत एका फेरीत बसवणे म्हणजे वाचणाऱ्याची परीक्षा. म्हणून ओळ चित्रासारखी तुकड्यातुकड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत छापावी लागे. शिरोरेखा ज्या पिनेच्या वाट्याला येई, तिला साप्ताहिक सुटी नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले भारतीय लिपींचे जिस्ट तंत्रज्ञान पीसीत कार्डाच्या रूपाने बसू लागले, तेव्हा सरकारी कचेऱ्यांत मराठी पत्रे संगणकातून निघू लागली. २४ पिनांच्या प्रिंटरवर ती देखणी येत. नऊ पिनांवर आलेले पत्र मराठीत आहे एवढे दुरून निश्चित कळे.

पण महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त लोकांनी बारकाईने वाचलेला इम्पॅक्ट प्रिंटरचा मजकूर म्हणजे रेल्वेचा आरक्षण तक्ता. गाडी सुटण्याआधी माणूस खळीचा डबा घेऊन येई आणि डब्याच्या दाराशेजारी लांबलचक कागद चिकटवून जाई. त्यावर नाव, लिंग, वय, बर्थ. नावे ठरावीक लांबीत कापलेली, त्यामुळे लांब आडनावाच्या कुटुंबात सगळ्यांची आडनावे गायब आणि ओळख वयावरून पटवायची. लोक आपले नाव सापडले तरी हलत नसत. शेजारच्या बर्थवर कोण, कितीचा, हे पाहून घेत. पुरुष ६७ असे खालच्या बर्थवर दिसले की आपला मधला बर्थ रात्री नऊलाच लावावा लागणार, एवढे अनुमान फलाटावर उभ्या उभ्या निघे. कोणाचे बोट आधी यादीवर फिरायचे यावरून ढकलाढकली होई. १ मार्च २०१८ पासून रेल्वेने प्रायोगिक तत्त्वावर मोठ्या स्थानकांवर डब्यांना तक्ते चिकटवणे थांबवले आणि सहप्रवाशांची वये प्रत्यक्ष चेहऱ्यावरून ओळखण्याची वेळ आली.

लेझर आल्यावरही ही जात नामशेष झाली नाही, याचे कारण ठोकण्यातच आहे. एका दणक्यात चार प्रती काढणे न ठोकणाऱ्यांना जमत नाही. ट्रान्सपोर्टची बिल्टी, गोदामाचे चलन, औषधांच्या ठोक विक्रेत्याचे बिल: पांढरी, गुलाबी, पिवळी प्रत. तळाची प्रत सर्वांत अस्पष्ट येते आणि ती रिवाजाने गिऱ्हाइकाची असते. बँकेच्या एटीएमचा पिन नंबर असाच छापत. बंद पाकिटाच्या आत कार्बन, प्रिंटरची रिबन काढून ठेवलेली. पिना बाहेरून कोऱ्या टोचत आणि आकडे आतल्या कागदावर उमटत. छापणाऱ्यालाही काय छापले ते दिसत नसे.

बँकेच्या पासबुकाचा प्रिंटर हा याच घराण्यातला. खिडकीतून पासबुक आत जाते, कर्मचारी ते यंत्राच्या ओठांत ठेवतात, यंत्र ते ओढून घेते, थोडा विचार करते आणि बाहेर फेकते. पुन्हा ठेवले जाते, पुन्हा फेकले जाते. तिसऱ्यांदा चर्रर्र आवाज येतो आणि रांगेतल्या सगळ्यांचे चेहरे उजळतात. घरी जाऊन पाहावे तर गेल्या महिन्याच्या पगारावर या महिन्याचा वीजभरणा छापलेला असतो, आणि दोन्ही मिळून तिसरीच रक्कम दिसते.

या आवाजाची दखल पुढे विज्ञानानेही घेतली. जर्मनीतल्या सारलांड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की डॉट मॅट्रिक्सजवळ मायक्रोफोन ठेवला तर नुसत्या खडखडाटावरून छापलेले इंग्रजी शब्द ओळखता येतात: ७२ टक्क्यांपर्यंत, आणि मजकुराचा विषय आधी ठाऊक असेल तर ९५ टक्क्यांपर्यंत. त्यांनी हा प्रयोग एका डॉक्टरच्या दवाखान्यात प्रत्यक्ष करून तिथे छापलेले औषधपत्र कानाने वाचले. डॉक्टरांचे हस्ताक्षर डोळ्यांनी वाचण्याच्या प्रश्नाला त्यांनी हात घातला नाही.

संगणकाच्या आत मात्र प्रिंटर अजून जोडलेलाच आहे. लिनक्सच्या गाभ्यात प्रिंटर तपासणाऱ्या भागात 'एलपी-शून्यला, म्हणजे पहिल्या प्रिंटरला, आग लागली आहे' अशा अर्थाचा संदेश लिहिलेला आहे. कागद संपलेला नाही, प्रिंटर ऑनलाइनही आहे, आणि तरी तो बिघाड सांगतोय, अशा वेळी तो दाखवला जातो. विंडोजमध्ये 'पीआरएन' किंवा 'एलपीटी१' नावाचे फोल्डर करू गेले तर करता येत नाही, कारण ही नावे प्रिंटरसाठी राखून ठेवली आहेत. 'यंत्राचे नाव अयोग्य आहे' एवढे संगणक कळवतो. कोणते यंत्र, ते विचारायची सोय तिथे नाही.